आप्पांची आमटी

१२ नोव्हेंबर

हुबळीच्या ऑफिसात मिळालेली ही डायरी कोरीच राहिली होती. वर छापलेलं साल जुनं आहे, ते खोडून आजपासून लिहिते. कारण आज आमच्याकडे पहिले पाहुणे जेवले.

चौघं होते, धारवाडचे. दिग्गीकडून फिरून आले होते. आठ दिवसांपूर्वी त्यांचा ई-मेल आला होता. आमच्या घरात रेंज नाही. मागच्या टेकाडावर फणसाखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. तिथून उत्तर पाठवलं. नऊ वर्षं एका प्रवासी कंपनीत बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. ती कंपनी बंद पडली आणि मी नंदिगड्ड्याला बापाच्या घरी परत आले. आता फिरायला येणाऱ्यांना घरगुती जेवण द्यायचं ठरवलंय. वय सदतीस. लग्न मोडून सहा वर्षं झाली. एवढं लिहिलं की माझ्याबद्दलचं सगळं लिहून झालं.

तांदळाच्या भाकऱ्या, करांद्याच्या कंदाची भाजी, आमटी, कोकमाचं सार. तीन भाकऱ्या फाटल्या, त्या मी बाजूला ठेवल्या. पाहुणे मुकाट्यानं जेवले, फोटो काढले, गेले.

मग आप्पांना वाढलं. आप्पा म्हणजे तुकाराम आचारी. रामनगरपासून खानापूरपर्यंत पस्तीस वर्षं त्यांनी लग्नांची जेवणं केली. मला मात्र लहानपणापासून चुलीजवळ उभं केलं नाही. बाईच्या हातचं जेवण घरच्यापुरतं, असं त्यांचं मत. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, त्यातून उठले ते घरीच बसले. गुडघे धरलेत म्हणतात. त्या तापापासून त्यांचं बोलणं फारच कडू झालंय.

ताटावर बसल्यावर त्यांनी पुतळीला विचारलं, "तू खाल्लंस न्हवं? कसं हाय?"

पुतळी शेजारची. वरकामाला येते. ती म्हणाली, "बरं हाय की. भाजी जरा तिखट हाय."

मग आप्पांनी घास घेतला आणि ताट सरकवलं. "तिखट! नुसता जाळ. माणसानं खायाचं काय ह्ये?"

कामवालीचं ऐकून बोलायचं, पण मला एक चांगला शब्द द्यायचा नाही.

१९ नोव्हेंबर

धारवाडकरांचा ई-मेल आला. तीन वेळा टेकाड चढले तेव्हा उघडला. 'जेवण ठीक होतं. परिसर सुंदर.' परिसर मी केलेला नाही.

आप्पांनी विचारलं, "काय लिवलंय त्यांनी?"

म्हटलं, "आवडलं म्हणतात."

"मग त्यांची जीभ तपासाया पायजे," असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसले. पुतळी हसली नाही.

२७ नोव्हेंबर

आज मुद्दाम केलं त्यांनी. उद्याच्या पाहुण्यांसाठी खीर करायची म्हणून चुलीवर दूध ठेवलं आणि मी विहिरीवर गेले. आप्पा चुलीपासून हातभर अंतरावर सुपारी कातरत बसले होते. परत येईपर्यंत अंगणापर्यंत जळका वास सुटलेला. पातेल्याचा तळ काळा. आणि हे पाठ करून सुपारी कातरतायत.

"आप्पा, वास नाही आला तुम्हाला?"

ते दचकले. पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आला की. बघत हुतो तुला कवा येतोय. तुझं चुलीवर ध्यान न्हाई."

चार लिटर दूध गेलं. मी रडले नाही. पातेलं राखेनं घासत बसले. नखं तुटली.

३ डिसेंबर

आजचा दिवस फुकट गेला.

बेळगावच्या एका माणसानं बोलावलं होतं. तो फिरायला येणाऱ्यांचे गट पाठवतो. जेवण चाखून बघतो, पसंत पडलं तर दर आठवड्याला वीस-पंचवीस पाहुणे देतो, म्हणाला होता. पहाटे उठून पाच पदार्थ केले, डबा बांधला, फाट्यावर जाऊन उभी राहिले. सातची बस आलीच नाही. साडेनऊची आली ती गच्च. डबा छातीशी धरून उभ्यानंच रामनगर, तिथून दुसरी गाडी. वाटेत रामनगरला रेंज आली आणि फोन थरथरला. त्या माणसाचा ई-मेल, काल संध्याकाळचा. 'उद्या शक्य नाही, पुन्हा कळवतो.' तोवर मी तिकीट काढून बसले होते. म्हटलं, गेलेलं बरं, डबा तरी ठेवून येऊ. ऑफिसला कुलूप होतं. पायरीवर दोन तास बसले. सार सांडून भाकऱ्या भिजल्या होत्या. तिथल्या कुत्र्यानं भाजी हुंगली आणि तोंड फिरवलं. हे खरं आहे, रचून लिहीत नाही.

घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर होते. पुतळी भांडी उपडी घालत होती. रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या हातालाच चव न्हाई. नवऱ्यानं उगंच न्हाई सोडलं."

पुतळी म्हणाली, "आप्पा, आसं बोलू ने."

ते म्हणाले, "खरं त्ये बोललो."

मी आत आले. डब्यातलं सगळं गुरांच्या घमेल्यात ओतलं.

४ डिसेंबर

पुतळी चार-पाच दिवस माहेरी, दिग्गीला गेली. घरात आम्ही दोघंच.

दुपारी आप्पांची आमटी वेगळ्या पातेलीत काढली आणि तिच्यात मूठभर मीठ टाकलं. मूठभर. म्हटलं, होऊ दे एकदाची तोंडाची आग. मग दाराआड उभी राहिले.

ताटावर बसल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "पुतळी कुटं?"

"माहेरी."

"तू खाल्लंस?"

"तुमच्या आधी कशी खाईन?"

ते थांबले. वाटी उचलून आमटीचा रंग बघितला. मग आमटी भातावर ओतली, कालवली, एक घास घेतला, दुसरा घेतला. मी वाट बघतेय. आता थुंकतील, आता वाटी भिरकावतील.

"अळणी," आप्पा म्हणाले. "मीठ टाकायला काय हात मोडलाय काय?"

मी गोठ्यात गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले. इतकी हसले की म्हैस दावणीतून मागं सरली. त्यांना चव कळत नाही! तिखट, अळणी, आंबट, कच्चं, आळीपाळीनं शब्द फेकतात नुसते. आणि आठवलं, ते दूध. वाससुद्धा येत नसणार.

सगळी आमटी त्यांनी संपवली. दुपारभर तांब्यावर तांब्या पाणी पीत होते.

९ डिसेंबर

पाच दिवस मी खेळ करतेय. परवा भाजीत साखर घातली. "खारट," म्हणाले. काल कारल्याचा रस. "बरा उकडला न्हाई तांदूळ." आमटीत मीठ रोजच. आज सकाळी त्यांचे पाय सुजलेले दिसले.

पुतळी माहेराहून आली, तिनं पातेलीत बोट बुडवून चाखलं आणि तसंच मोरीत जाऊन थुंकलं.

"रेश्माक्का, ह्ये त्यांना घालतीस?"

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

ती दारात बसली. म्हणाली, "दोन वर्सं झाली. तापातनं उठले आनि मला म्हनले, पुतळे, माती खातोय का भात, कळत न्हाई. कुनाला सांगू नगं. म्हून मी आदी चाखते आन सांगते. आचाऱ्याची जीब गेली म्हटल्यावर काय ऱ्हातंय त्याचं? तुला सांगायला तर लई भ्यालेले. म्हनले, तिला कळलं तर ती माज्याकडं कशी बघंल?"

"माझ्याकडं तरी कोण कसं बघतं?" मी म्हटलं.

पुतळीनं पातेली उचलली आणि परड्यात ओतली. "पाय सुजल्यात त्यांचे. पुन्यांदा केलंस तर मी येनार न्हाई."

मीठ घालणं बंद केलं. खेळाची गोडीही गेली होती. आप्पा रोज नावं ठेवतात आणि मी मान हलवून ऐकते. आता ते बोलतात तेव्हा मला फक्त त्यांचं तोंड हलताना दिसतं. बरं वाटतं.

१८ जानेवारी

महिनाभर लिहिलं नाही. पाहुणे आले नाहीत. बेळगावच्या माणसाला तीन ई-मेल लिहिले, एकाचंही उत्तर नाही. पाठवलेले आणि न गेलेले कोणते तेही नीट कळत नाही.

आज वासू आला. आप्पांच्या हाताखाली शिकला, आता रामनगरला त्याचंच मोठं नाव आहे. आठ फेब्रुवारीला त्याच्या मुलीचं लग्न. आप्पांच्या पाया पडून म्हणाला, "आप्पा, बाकी सगळं माझी पोरं करतील. आमटी मात्र तुमच्या हातची पाहिजे. माझ्या लेकीचं लग्न तुमच्या आमटीशिवाय कसं व्हायचं?"

आप्पांनी गुडघे दाखवले. मग दम लागतो म्हणाले. मग म्हणाले, "आता तुझा हात माझ्यापरास चांगला हाय, वासू." असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वासूचं तोंड उतरलं.

मी चहा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "येतील की. मी घेऊन येते त्यांना. नुसतं पातेल्याजवळ खुर्चीवर बसायचं."

वासू इतका खूश झाला की त्यानं माझेच हात धरले. पुतळी दारात उभी होती, ती आत गेली. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चुलीचा धूर बाहेरपर्यंत येतो हल्ली, कौलं बघून घ्यायला हवीत.

७ फेब्रुवारी

उद्या लग्न. संध्याकाळी आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. मी तांदूळ निवडत होते. चौकट धरून उभे राहिले. आधी म्हणाले, बस किती वाजता. मग म्हणाले, थंडी हाय. मग म्हणाले, "रेश्मे, उद्या माझ्या बाजूलाच ऱ्हा."

"का?"

"हात थरथरतोय. मिठाचा अंदाज चुकला तर... तू जरा चाखून सांग. तुझी जीभ चांगली हाय."

सदतीस वर्षांत पहिल्यांदा. तेही गरज पडली म्हणून. मी म्हटलं, "राहीन."

ते हसले. हसल्यावर ते म्हातारे दिसतात.

८ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहिते.

सातची बस आज वेळेवर आली. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला पांढरा रुमाल. मांडवामागं चुलाणावर कमरेएवढं पातेलं चढलं होतं. पाचशे पान. वासूची पोरं आप्पांच्या पाया पडली. आप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत. डाळ शिजली की नाही हे त्यांनी दोन बोटांत चिरडून बघितलं. फोडणीचा वास येत नसताना मोहरीच्या आवाजावर हिंग टाकला, खोबऱ्याचा रंग बघून आच कमी केली. डोळे, कान आणि हात, एवढ्यावर माणूस स्वयंपाक करत होता. मीठ त्यांनी ओंजळीनं घातलं. दोन ओंजळी भरून, तिसरी अर्धी. मग डाव माझ्यापुढं केला.

"बघ गं."

मी चाखलं.

असं कधी खाल्लं नव्हतं. एवढं सरळ लिहिते. मीठ, आंबट, गूळ, तिखट, काही म्हणता काही पुढं नव्हतं. गिळलं तरी जिभेवर राहिलं. दोन वर्षं चव नसलेला माणूस हाताच्या सवयीनं हे करतो, आणि मी जीभ असून रोज फाटक्या भाकऱ्या करते.

मी इथं फक्त बघायला आले होते. त्यांचं चुकेल आणि मी बघेन, एवढंच मनात होतं. पण चुकलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अळणी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओंजळ भरली, टाकली, ढवळलं. "आता?"

"अजून."

"अजून? रेश्मे, नीट बघ."

"नीटच बघितलं. एक ओंजळ अजून लागेल."

त्यांचा हात मिठावर थांबला. त्या हाताला ठाऊक होतं. मग त्यांनी टाकलं. "आता?"

"फक्कड," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडं बघितलं.

पहिली पंगत बसली. आमटी वाढली. आधी मुलं थुंकली, मग मोठी माणसं. कुणी म्हणालं, समुद्राचं पाणी आणलंय काय. एका म्हाताऱ्यानं पंगतीतूनच ओरडून विचारलं, "आचारी कोण हाय?" आणि दुसरा म्हणाला, "तुकाराम. गेला त्याचा हात." सगळी पंगत हसली. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. ऐकत होते.

वासू धावत आला, डावातनं चाखलं, आणि त्याला ठसका लागला. हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, हे कसं झालं? तुमच्या हातनं? अक्का, तुम्ही चाखलं नव्हतं काय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते आठवत नाही.

आप्पा म्हणाले, "तिनं चाखलं हुतं. बास म्हणाली हुती. मीच ऐकलं न्हाई. माझी चूक, वासू."

वासूची पोरं पातेलं उचलून शेताच्या बांधावर घेऊन गेली आणि ओतलं. पंगतीला ताक वाढलं. नवरीची आई रडत होती. आम्ही न जेवता निघालो.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर घडी घालत होते, उलगडत होते. नंदिगड्डे येईपर्यंत तेच. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते खोटं का बोलले? मला वाचवलं असं त्यांना वाटत असेल तर मी काही मागितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

पुतळी आली नाही. तिच्या घरी गेले तर अंगणातूनच म्हणाली, "माज्या भावकीतली मानसं हुती पंगतीत. मला कळलं. तू जा आता."

मी म्हटलं, "एवढं काय झालं? आमटी खारट झाली."

तिनं दार लावून घेतलं.

दुपारी आप्पांना वाढलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. घास घेतला, म्हणाले, "झकास झालंय."

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले.

२० फेब्रुवारी

रोज तेच. भाकरी फाटलेली, झकास. भाजी करपलेली, झकास. आवाजात टोमणा शोधतेय, सापडत नाही.

बेळगावच्या माणसाचा ई-मेल आला. उशीर झाला म्हणतो. महिन्याला दोन गट पाठवणार. टेकाडावर उभी राहून वाचलं. कुणाला सांगावं म्हणून खाली आले. आप्पा ओट्यावर होते. सांगितलं. "लई चांगलं झालं," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळक्या पानासारखा.

त्यांचं वजन उतरलंय. पण जेवतात, वाढलेलं सगळं संपवतात.

१५ मार्च

काल सात जण आले होते. आप्पा ओट्यावर बसून त्यांना सांगत होते, "मी पस्तीस वर्सं आचारी हुतो. पण माझ्या पोरीचा हात माझ्यापरास सरस हाय." एकेकाला बाजूला घेऊन हेच सांगत होते. जाताना सातही जणांनी माझं कौतुक केलं, आप्पांच्याच शब्दांत. आज त्यांचा ई-मेल आला, 'काकांना तुमचा केवढा अभिमान आहे!' त्यांना जेवण आवडलं की काकांचं बोलणं आवडलं, हे त्यातून कळायला मार्ग नाही. दहा वेळा वाचला.

दुपारी मी डाळ नुसती शिजवली. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. वाटीत घालून त्यांच्यापुढं ठेवली आणि आज दाराआड न जाता समोरच बसले.

त्यांनी भातावर ओतली, कालवली, खाल्ली. "झकास."

"आप्पा, ह्यात काही नाही. नुसती डाळ आणि पाणी आहे."

त्यांनी घास गिळला. "तू म्हणतीस तर न्हाई."

"मग झकास का म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"खरं ते म्हणा."

"मला कुटं कळतंय, पोरी? तुला ठाऊकच हाय." आवाजात राग नव्हता. फाट्यावर बसची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं, "तू सांग, काय म्हणू. तसं म्हणतो."

मी पळीनं डाळ ढवळली.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी रिकामी वाटी पुढं केली. मी तीच डाळ पुन्हा वाढली, आणि ते जेवले.